विषय: थंड प्रदेशात राहणं कितपत जमेल, हे ठरवायचं कसं?

नमस्कार मंडळी,

नोकरीसाठी दोन पर्याय आलेत, कॅनडातलं विनिपेग आणि फिनलंडची राजधानी हेलसिंकी. सोबत बायको आणि दोन वर्षांचा मुलगा, आणि आई मधूनमधून येऊन राहील. मी एक एक्सेल शीट केलीय, त्यात जानेवारीचं सरासरी तापमान टाकलं तर विनिपेग उणे १६ च्या आसपास आणि हेलसिंकी उणे ३-४, म्हणजे हेलसिंकी सरळसरळ जिंकतंय, पण बायको म्हणते एवढ्यावरून ठरवू नकोस. उत्तरेकडे राहिलेल्यांनी प्लीज सांगा, अजून काय बघायचं?

---

अरे, बायकोचं ऐक. तापमानाचा कॉलम राहू दे, पण त्यावरून माणूस तिथे सुखात राहील की नाही ते कळत नाही.

आधी घर बघ. १९९७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात युरोविंटर नावाचा अभ्यास आला होता, त्यात दिसलं की थंडी सारखीच वाढली तरी त्यामुळे होणारे मृत्यू सौम्य हिवाळ्याच्या भागात जास्त वाढतात आणि फिनलंडसारख्या ठिकाणी कमी, कारण तिकडे घरं उबदार असतात आणि लोक बाहेर पडताना नीट कपडे घालतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. उणे २० मध्ये उबदार घरात राहणारा माणूस मजेत असतो आणि अधिक ८ मध्ये गळक्या खिडकीशी बसलेला आजारी पडतो. त्यामुळे घर बघताना खिडक्यांना काचा किती पदरी आहेत, हीटिंग भाड्यात धरलंय की बिल वेगळं, हे पहिल्याच फोनला विचार. हेलसिंकीत बहुतेक इमारतींना डिस्ट्रिक्ट हीटिंग आहे, म्हणजे घरं तापवायचं गरम पाणी शहराच्या केंद्रातून पाइपाने थेट येतं, तुला काही बघावं लागत नाही. विनिपेगला स्वतंत्र घर घेतलंस तर फर्नेस (घर तापवायची भट्टी) तुझी, तिचे फिल्टर बदलणं तुझं, आणि गाडी बाहेर उभी राहणार असेल तर ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा हीटर) लावायला प्लग आहे का तेही बघ, नाहीतर कडक थंडीत सकाळी गाडी सुरू होणार नाही. हीटिंगने हवा दोन्हीकडे कोरडी होते, लहान मुलांच्या नाकातून रक्त येतं, ह्युमिडिफायर लागतो, पण फार ओलावा ठेवलास तर खिडकीवर पाणी साचून बुरशी धरते.

आता उजेड. विनिपेग पन्नास अक्षांशाच्या जरा खाली आहे, लंडनसुद्धा त्याच्या उत्तरेला. हेलसिंकी साठच्या वर. डिसेंबरच्या सगळ्यात लहान दिवशी विनिपेगला आठ तासांपेक्षा थोडा जास्त उजेड मिळतो आणि हेलसिंकीला जेमतेम सहा तास, तोही बऱ्याचदा ढगाळ. विनिपेगच्या हिवाळ्यात मात्र स्वच्छ निळं आकाश पुष्कळदा असतं. खरा जड महिना नोव्हेंबर, कारण बर्फ अजून पडलेला नसतो, बर्फ पडला की तो उजेड परावर्तित करतो आणि जरा बरं वाटतं. ज्यांचं मन अंधारात खचतं त्यांनी हे हलक्यात घेऊ नये रे, १९८४ मध्ये रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी त्याचं आजार म्हणून वर्णन केलंय आणि सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) दिव्यासमोर बसणं हा त्यावरचा नेहमीचा उपाय आहे. आपल्या सावळ्या कातडीला व्हिटॅमिन डी बनवायला ऊन जास्त लागतं, ते हिवाळ्यात मिळतच नाही, तेव्हा निघण्याआधी सगळ्यांची रक्ततपासणी करून डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या.

वारा विसरू नकोस. विनिपेग सपाट माळावर आहे, उणे २० ला ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर अंगाला उणे ३३ सारखं लागतं आणि त्यात उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. तुझ्या शीटमध्ये विंड चिलचा, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणाऱ्या थंडीचा, कॉलम घाल.

---

ताई, खूप आभार. आईचे गुडघे दुखतात, तिला कुठे सोपं जाईल? आणि तुम्ही माझ्या जागी असता तर?

---

आईसाठी उणे १६ पेक्षा शून्याच्या आसपासची थंडी जास्त वाईट, हे नीट लक्षात घे. कडक थंडीत बर्फ कोरडा राहतो, पाय धरतो. शून्याजवळ दिवसा वितळतं आणि रात्री परत गोठतं, वरून नुसतं ओलं दिसतं आणि माणूस घसरून मनगट मोडून बसतो. हेलसिंकीत तसे दिवस पुष्कळ. बुटांना अडकवायचे स्पाइक्स मिळतात, ते घेच, पण तिला मे ते सप्टेंबर बोलावलंस तर हा प्रश्नच येत नाही. जूनमध्ये तिकडे जवळपास १९ तास उजेड असतो, मुलाच्या खोलीला जाड काळे पडदे लाव.

मी हेलसिंकी निवडलं असतं, कारण तिथे गाडीशिवाय बाबागाडी घेऊन मुलाला पाळणाघरात सोडता येतं आणि रोज बाहेर पडणं होतं, ते मला बाकी सगळ्याहून मोठं वाटतं. पण तुमच्यापैकी कुणाला पावसाळी अंधाऱ्या दिवसांत उदास वाटत असेल तर विनिपेग. कंपनी भेटीला बोलावत असेल तर जुलै मागू नकोस, नोव्हेंबर माग, बायकोलाही ने, आणि संध्याकाळी चार वाजता पायी बाजारात जाऊन या दोघं.