तडस लागल्याचे अनुभव येऊ द्या

आत्ता पुतण्या आमरस-पुरीवर तुटून पडला आणि मग सोफ्यावर आडवा. आई आतून म्हणाली, "लागली ना तडस!" कित्ती वर्षांनी ऐकलं हे. आंबट ढेकरा नाहीत, जळजळ नाही, नुसतं पोट तट्ट, श्वास अर्धा आणि खाली पडलेला मोबाईलसुद्धा उचलवत नाही. लिहा आपापले पराक्रम.

पंगतवाला: मावसभावाचं लग्न. जिलबी संपवली की वाढपी परत हजर, पानावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून सोडली. मठ्ठ्याच्या जोरावर खाल्ली आणि मग मांडी सुटेना, दोघांनी धरून उठवलं. आग्रह करणाऱ्यांवर केस टाकता येते का हो?

ज्वारीताई: आमच्याकडे सोलापूरला हुरडा. गरम गरम, शेंगदाण्याची चटणी, गूळ, हात थांबतच नाही आणि वर मी तांब्याभर पाणी प्यायले. आत्या बोंबलत होती अगं ताक घे ताक. रात्रभर अंगणात फेऱ्या. कुत्रं पण कंटाळून झोपलं.

कोकण्या: हुरड्याचं माहीत नाही, पण बरक्या फणसाचे गरे गिळताना कळतच नाही किती गेले. वर विडा खायला आजीची सक्त मनाई, पोट फुगून माणूस जातो म्हणे. अजून हिंमत नाही केली.

निवांत: आजोबा जेवले की पोटावरून हात फिरवत "वातापी जीर्ण हो" म्हणायचे. तो राक्षस मेंढा होऊन पोटात गेला, भाऊ इल्वल बाहेरून हाका मारतोय आणि अगस्तींनी पचवून ढेकर दिलेला! त्यात आजोबांची वामकुक्षी पण व्हायची, आम्हाला मात्र आवाज बंद.

सुगरण नाही: धागाकर्ते, रसात सुंठ आणि वर तूप घातलं होतं का? नसेल तर पुतण्याचा दोष नाही. पायरी होता की हापूस?

धागाकर्ती: पायरी. सुंठ संपलीये 😬

कोकण्या: पायरीचाच रस खरा. हापूस कापून खावा.

पंगतवाला: झालं सुरू. केसरवाले येतीलच आता.

ज्वारीताई: अहो भांडताय काय, त्या पोराला ओवा-सैंधव द्या आणि डाव्या कुशीवर झोपवा.

धागाकर्ती: दिला. आता विचारतोय रस उरलाय का.

सुगरण नाही: 😂😂 कुकरची शिट्टी झाली, येते. पायरी कुठून घेतलात ते सांगून ठेवा.