बालवर्गाच्या गॅदरिंगला भाड्याचा पोशाख कशाला?

टीपटाप:
डिसेंबर आला की शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप सुरू होतात: "आपला पाल्य फुलपाखरू आहे. पोशाखाची सोय करावी." मग पालकांची दुकानाकडे पळापळ. माझं स्पष्ट मत आहे, पहिलीच्या आतल्या पोरांना भाड्याचा पोशाख आणूच नये. भाडं भरा, वर डिपॉझिट ठेवा, आणि घरी काय येतं? कुठे कुठे फिरून आलेला झगा, मानेशी जर टोचतेय, नाडी गायब.

मूल स्टेजवर तीन-चार मिनिटं असतं, पण त्याआधी तासभर रांगेत बसलेलं असतं. म्हणून रोजचा टीशर्ट-लेगिंग घालावा आणि त्यावर एकच ठळक खूण करावी. खर्च नाही, कचरा नाही, पर्यावरणालाही बरं. फुलपाखरासाठी जुनी ओढणी घ्या. मधोमध टीशर्टच्या मानेमागे दोन टाके, दोन्ही टोकांना इलॅस्टिकचं कडं, ते मनगटात. हात पसरले की पंख. पुठ्ठ्याचे पंख बांधलेलं पोर पाठ टेकून बसू शकत नाही आणि शेजारच्याच्या डोळ्यात खुपसतं ते वेगळंच. झाड करायचं तर हिरव्या चिंध्यांची पानं कापा आणि फक्त देठाशी टाका घाला. बाकी पान मोकळं राहू द्या, म्हणजे पोर हललं की झाड हलतं.

दुसरी_पाळी:
"टाका घाला" म्हणजे कोणी घाला? मी रात्री साडेदहाला घरी येतो, बायको बँकेत, मार्च काय आणि डिसेंबर काय, तिला उसंत नाही. असले हाताने करायचे पोशाख शेवटी आजीच्या गळ्यात पडतात, तेही मोतीबिंदूच्या डोळ्यांनी. मी शनिवारी स्कूटरवरून जातो, पोशाख आणतो, सोमवारी परत टाकतो. विषय संपला. हौसेला मोल नसतं हे खरं, पण मुळात हौसच नसेल तर?

टीपटाप:
शर्टाचं बटण लावता येतं ना? मग ओढणीला दोन टाकेही येतील.

दुसरी_पाळी:
येतं. म्हणून काय रात्री अकराला पंख शिवत बसू?

खडू_फळा:
बालवर्गाला शिकवते, म्हणून आमची बाजू सांगते. नाचात 30 मुलं असली आणि "घरून हिरवा करून आणा" म्हटलं, की पोपटीपासून बाटलीहिरव्यापर्यंत सगळं येतं. मला त्याचं काही नाही. पण दुसऱ्या दिवशी पालकच विचारतात, "आमच्या मुलाचा रंग वेगळा का दिसत होता?" फोटो सगळ्यांना एकसारखे हवेत. शाळा दुकानाशी ठरवून मोकळी होते त्याचं कारण हे आहे, कमिशन नव्हे (निदान आमच्याकडे तरी नव्हे).

आणि वेशभूषा स्पर्धेचं बोलायचं तर पहिला नंबर झगमगणाऱ्या भाड्याच्या पोशाखालाच जातो. परीक्षकांना घरी केलेलं दिसत नाही असं नाही, पण चमक आधी दिसते. बालवर्गात नंबर काढणं बंद करा, निम्मी पळापळ थांबेल.

चमचम_ताई:
मुलांना काय हवं ते कुणी विचारलं का? माझ्या लेकीला दुकानातली चंदेरी परीच हवी होती. ओढणीचे पंख बघून भोकाड पसरलं. आपली काटकसर आणि आपलं पर्यावरण चार वर्षांच्या पोरीच्या माथी कशाला?

टीपटाप:
तिच्याच हाताने टिकल्या चिकटवून घ्या त्या ओढणीवर. वाकड्यातिकड्या लागतील, लागू देत. स्वतः लावलेली टिकली सहसा कुरूप दिसत नाही. फक्त फेव्हिकॉल रात्रभर वाळू द्या, नाहीतर घडी उघडताना पंख एकमेकांना चिकटलेले असतात.

द्विशिक्षकी:
जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. भाड्याचं दुकान तालुक्याला, बरेच पालक ऊसतोडीला गेलेले. आमच्याकडे हा वादच नाही, सगळं वर्गात होतं. 1 ऑगस्टला टिळक पुण्यतिथी असते. पगडीसाठी डोक्याच्या मापाची पुठ्ठ्याची पट्टी घ्यायची, त्यावर लाल ब्लाऊजपीस पिळून गुंडाळायचा, टोक आत खोचायचं. खांद्यावर उपरणं, मिशी काजळाची. चिकटवायची मिशी आणू नका. पोर शिंकलं की लोकमान्यांची मिशी प्रेक्षकांत.

3 जानेवारीला सावित्रीबाई. आईची साडी नेसवायला जाऊ नका. साडीचा पन्ना सव्वा मीटरच्या आसपास असतो आणि पोर जेमतेम मीटरभर उंच, सगळा घोळ पायात येतो. सव्वादोन मीटरची सुती ओढणी पुरते. परकरावर इलॅस्टिक, त्यात निऱ्या खोचा, पदर खांद्याशी पक्का करा. कपाळावर आडवी चिरी, हातात पुस्तक.

आषाढीच्या दिंडीत मुलांना खरं धोतर नेसवणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. पांढऱ्या पायजम्याला पुढून निऱ्यांची पट्टी टाचली की लांबून धोतरच दिसतं. आणि "गुरुजी, सू" म्हणून करंगळी वर झाली की सोडायला काही नसतं. हे ज्याने केलंय त्यालाच कळेल.

झगा_मगा:
माझं पोशाखाचं दुकान आहे, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे. नाडी गायब असते, मान्य. जर टोचते, मान्य. आत सुती बनियन घालायला सांगतो, लोक विसरतात. पण तुम्ही पर्यावरणाचं बोलता म्हणून सांगते. आमचा एक अंगरखा आणि जिरेटोप वर्षानुवर्षं शिवजयंतीला बाहेर जातो. घरच्या पोशाखाचं दुसऱ्या दिवशी काय होतं? थर्माकोलचा मुकुट, चकाकी, जिलेटिन, सगळं कचऱ्याच्या गाडीत. महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर 2018 पासून बंदी आहे, तरी कृष्णाचे निम्मे मुकुट थर्माकोलचेच असतात.

टीपटाप:
थर्माकोलच्या बाबतीत शंभर टक्के सहमत. पण माझ्या पोशाखात तो कुठेच नाही. ओढणी परत ओढणी होते आणि टीशर्ट परत टीशर्ट. मुकुटाला वहीचं जुनं पुठ्ठ्याचं कव्हर चालतं. पुढून पुठ्ठा, मागून इलॅस्टिक, म्हणजे डोकं कुठल्याही मापाचं असो, बसतो. स्टेपलर मात्र वापरू नका. पिनेचं टोक केसात अडकतं, नाहीतर कपाळाला ओरखडा.

लेस्टरकर:
इकडे इंग्लंडात मार्चमध्ये वर्ल्ड बुक डे असतो. पोरांनी पुस्तकातलं पात्र होऊन शाळेत जायचं. सुपरमार्केटमध्ये पिशवीबंद पोशाख टांगलेले असतात आणि आईबापांच्या ग्रुपवर हेच भांडण, फक्त इंग्रजीत. आमचा मुलगा माझ्या चेक्सच्या शर्टात गेला आणि बाईंना "मी शेतकरी" म्हणाला. पुस्तक कुठलं ते त्याला विचारू नका.

निरांजन:
एक गोष्ट कुणीच बोललं नाही. क्रेप कागदाचे झालर-झगे घालून पोरं दीपप्रज्वलनाच्या समईशेजारी उभी करतात. कागद भुर्रकन पेटतो. नायलॉनची जाळी पेटली तर वितळून अंगाला चिकटते, आणि भाड्याच्या परीच्या झग्यात तीच असते. घरचं असो की दुकानातलं, समईपाशी सुती कपड्यातलीच पोरं उभी करा.

खडू_फळा:
हे बरं सांगितलंत. उद्याच मुख्याध्यापिकांच्या कानावर घालते.

दुसरी_पाळी:
वाद राहू द्या, शुक्रवारी माझा मुलगा वाघ आहे. कमीत कमी वेळात काय होईल?

टीपटाप:
पिवळा टीशर्ट आहे? त्यावर काळ्या कापडाचे पट्टे टाचा. टीशर्ट जाणार असेल तर सरळ मार्करने ओढा. केसांच्या बँडला पुठ्ठ्याचे कान. शेपूट म्हणजे आईचा जुना लांब मोजा, आत चिंध्या कोंबून. सेफ्टीपिन नको, बसताना टोचेल. पँटच्या इलॅस्टिकला टाका घाला. आणि शेपूट गुडघ्याच्या वरच संपू द्या, नाहीतर मागचा हमखास पाय देणार.

दुसरी_पाळी:
बघतो. दुकानात वाघ शिल्लक असला तर तोच आणणार.

झगा_मगा:
वाघ संपले. अस्वल आहे.