मदत हवी आहे: ब्लूज संगीतासाठी घरात आणि कॅफेत दोन्हीकडं चालेल असा गिटारचा अँप (अँप्लिफायर)

गिटार सिंगल कॉइल पिकअपची (तारांचा आवाज टिपणारा, एकाच वेटोळ्याचा भाग), वाजवतो मुख्यतः ब्लूज. हलकं छेडलं की स्वच्छ आणि जोरात मारलं की किंचित फाटलेला आवाज हवा. मेटल अजिबात नाही. सध्याच्या १० वॉटच्या अँपला ओव्हरड्राइव्ह पेडल (आवाज फाडणारं पायाचं यंत्र) लावून, गेन (फाटण्याचं प्रमाण) उतरवून पाहिलं, पण छोट्या स्पीकरचा तो डबा आवाज काही जात नाही. राजारामपुरीत फ्लॅट, शेजारी भिंतीला लागून, म्हणजे ५ वॉटचा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांवर चालणारा) अँपसुद्धा आवाज फाटेपर्यंत वाढवणं अशक्य. अधूनमधून कॅफेत वाजवतो, ड्रम नसतात. बजेट २५ हजार, जुना चालेल. बॉस कटाना ५० या अँपमध्ये अर्ध्या वॉटवर वाजवायची सोय आहे. अर्ध्या वॉटवर बोटांच्या जोरानुसार आवाज बदलतो, की सपाट होतो? आणि कोल्हापूर-सांगलीत कुणाकडं हा अँप असेल तर माझी गिटार आणून वाजवून बघू का?