मोटरहोममधलं ४५४ बिग ब्लॉक ७९ च्या सी-१० मध्ये टाकायचंय, रिबिल्ड कितपत करू?

ह्यूस्टनकर_सी१०:
नमस्कार मंडळी. मूळचा सांगलीचा, आता ह्यूस्टनला असतो. माझ्याकडे १९७९ ची शेव्हरोले सी-१० पिकप आहे, टू व्हील ड्राइव्ह, आत ३५० क्युबिक इंचांचं स्मॉल ब्लॉक (शेव्हरोलेचं लहान व्ही-८) आणि टीएच३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. एरवी गाडी छान चालते पण गणपतीच्या दिवसांत आमच्या ढोल-ताशा पथकाचा ट्रेलर हीच ओढते, आणि वीस-पंचवीस ढोल, ध्वज, पाण्याचे कॅन असा सगळा पसारा लादला की हायवेला लागताना इंजिन अगदी दमतं. ते ३५० आता तेलही प्यायला लागलंय.

गेल्या महिन्यात एका भंगारातल्या मोटरहोममधलं ४५४ (बिग ब्लॉक, म्हणजे मोठं व्ही-८) सहाशे डॉलरला मिळालं, १९८४ चं. सहा वर्षं उघड्यावर पडून होतं. तेलाचा पॅन काढून दोन-तीन कॅप उघडून बघितल्या तर बेअरिंगचं तांबं दिसतंय, आणि सात नंबरच्या सिलिंडरमध्ये गंज धरलाय. मशीन शॉपवाला म्हणतो बोअर ३० थाउ (इंचाचे हजारावे भाग) वाढवू, क्रँक १० ने ग्राइंड करू, हेड करू, सगळे मिळून २४०० डॉलर, पार्ट वेगळे. व्हिडिओत मात्र लोक सरळ हाताने होन मारतात (दगडाने बोअर घासतात), नवीन रिंगा-बेअरिंग टाकतात आणि झालं म्हणतात. खरंच इतका खर्च लागतो का? आणि ३५० चा बॅलन्सर (क्रँकच्या पुढच्या टोकाचं चाक), फ्लेक्सप्लेट (मागे गिअरबॉक्सला जोडणारी चकती) चांगली आहे, ती याला वापरली तर चालेल ना? गिअरबॉक्सचे बोल्ट तर दोघांचे जुळतात.

मिशिगनचे_काका:
आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण तिथे चुकलास तर बाकीचं सगळं पाण्यात जाईल. नाही, चालणार नाही! बेलहाउसिंगचे बोल्ट जुळतात म्हणून फ्लेक्सप्लेट बसेल, पण तुझं ३५० आतून बॅलन्स केलेलं आहे आणि ४५४ बाहेरून. ४५४ चा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ४ इंच, एवढ्या लांब थ्रोच्या क्रँकला तोलायला जितकं वजन लागतं तितकं क्रँककेसमध्ये मावलं नाही, म्हणून उरलेलं वजन कंपनीने पुढे बॅलन्सरवर आणि मागे फ्लेक्सप्लेटवर दिलं. त्याच घराण्यातलं ३९६, ४०२, ४२७ हे सगळे आतून बॅलन्स, त्यामुळे बिग ब्लॉक म्हणून मिळालेला कुठलाही बॅलन्सर घेतला असंही करू नकोस.

हे मी स्वतःच्या पैशाने शिकलोय. १९९६ साली मला एका दुकानाने ४५४ साठी म्हणून फ्लेक्सप्लेट दिली आणि ती मी मागे वजनाची पट्टी आहे का ते न बघता लावली. गाडी २२०० आरपीएमला थरथरायची, मला वाटलं माउंट गेलेत, माउंट बदलले, मग यू-जॉइंट बदलले, आणि चार महिन्यांत मागचं मेन बेअरिंग बसलं. नवीन बांधलेलं इंजिन पुन्हा उघडताना जो जीव तुटतो तो तुला अनुभवायला लागू नये असं मनापासून वाटतं. मोटरहोममधला जुना बॅलन्सर आणि फ्लेक्सप्लेट सोबत मिळालीय का? मिळाली असेल तर जपून ठेव. बॅलन्सरचं रबर सुटलेलं असेल तर नवा घे, पण ४५४ चाच, आणि मार्क फोरचाच (बिग ब्लॉकची ९० पर्यंतची पिढी).

८४ चं आहे म्हणजे मार्क फोर असायला हवं, तरी ब्लॉकच्या मागे बेलहाउसिंगच्या कडेला, ड्रायव्हरच्या बाजूला कास्टिंग नंबर आहे तो वाच. ९१ पासूनच्या जनरेशन फाइव्हमध्ये क्रँकचं मागचं सील एकाच तुकड्याचं झालं आणि मेकॅनिकल फ्युएल पंपाची जागाच गेली, गॅसकेट सेट चुकीचा आला की महिना वाया.

खर्चाचं म्हणशील तर आत्ताच पिस्टन घेऊ नकोस. ब्लॉक उकळून साफ, मग तडे तपासणं, मग मोजमाप, त्यानंतर पिस्टन. ब्लॉकच तडकलेला निघाला तर घेतलेले पिस्टन कुणाला विकणार?

उद्यमनगर_बोअरिंग:
भावा, अमेरिकन इंजिन मी हातात घेतलेलं नाही, पण कोल्हापुरात उद्यमनगरला वडिलांपासून आमचं बोअरिंगचं काम आहे, ट्रॅक्टर, जीप, ऑइल इंजिन सगळं येतं. लोखंड तिथलं काय नि इथलं काय, झिजायची रीत एकच. हाताने होन मारून रिंगा टाकायच्या हे कधी चालतं, तर बोअर गोल आणि सरळ असेल तेव्हा. रिंग वरच्या टोकाला जास्त घासती, त्यामुळे बोअर वर रुंद आणि खाली अरुंद होतंय. हाताचा होन जिथं खड्डा आहे तिथं अजून खड्डा करतोय, टेपर काढत नाही. मग नवीन रिंग प्रत्येक फेरीला उघडझाप करत राहती आणि तेल वर जातंय ते जातंयच. व्हिडिओवाल्यांचं इंजिन सहा महिन्यांनी कसं चालतंय ते कोण दाखवत नाही बघ.

बोअर गेज घेऊन प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली असा तीन ठिकाणी आणि दोन्ही दिशांनी मोज. पाच थाउच्या वर टेपर असला तर विचार करायचाच नाही, बोअर कर. आणि पिस्टन हातात आल्यावर मायक्रोमीटर लावून त्या त्या पिस्टनच्या मापाने होन करायला सांग, डोळे झाकून आठही एकाच मापाचे धरू नकोस. होनिंगला टॉर्क प्लेट लावतात का ते विचार. हेडचे बोल्ट आवळले की बोअर किंचित वाकडं होतंय, प्लेट लावून होन केलं तर चालू इंजिनमध्ये ते गोल राहतंय. जो कारागीर हे विचारल्यावर खुलून बोलतो त्याच्याकडं काम दे.

ह्यूस्टनकर_सी१०:
दोघांचेही खूप आभार. काल बोअर गेज आणून मोजलं. सात नंबरला ९ थाउ टेपर, बाकीच्यांना ६ ते ७. म्हणजे होनचा विषय संपला. ४.२५० चं बोअर ४.२८० होईल, ४६० क्युबिक इंच. कास्टिंग नंबर घासून वाचला, मार्क फोरच आहे. जुनी फ्लेक्सप्लेट सोबत आलीय, तिच्यावर वजनाची पट्टी स्पष्ट दिसते. काका, तुमची पोस्ट वाचली नसती तर मी ३५० ची लावून मोकळा झालो असतो.

हेड पीनट पोर्टची (हवेची वाट लहान असलेली) निघाली, सगळे म्हणतात फेकून दे आणि मोठी ओव्हल पोर्ट घे. आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कुठला?

बे_एरिया_पिकप:
माझी ७२ ची सी-१० आहे, बॅजवर ४०० लिहिलंय पण आत कंपनीचं ४०२. मुद्दाम ७२ ची घेतली कारण कॅलिफोर्नियात ७५ पर्यंतच्या गाड्यांनाच स्मॉग टेस्टमधून (धुराच्या तपासणीतून) सूट आहे, तुझ्यासारखी ७९ ची इथे असती तर इंजिन बदलताना सगळं एमिशनचं सामान दाखवावं लागलं असतं. टेक्सासमध्ये तुला तो ताप नाही.

हेड फेकू नकोस रे! ढोलांचा ट्रेलर ओढायचाय ना? मग तुला १५०० ते ३५०० मध्ये टॉर्क हवा, आणि लहान पोर्टमध्ये हवेचा वेग तिथेच चांगला राहतो. पाच हजाराच्या वर ती गुदमरतात, पण ट्रेलर लावून पाच हजारावर कोण जाणार. व्हॉल्व्ह जॉब कर आणि तीच लाव. कॅमही लहानच घे, मोठा कॅम कमी कॉम्प्रेशनच्या ट्रक इंजिनमध्ये टाकला की खालचा टॉर्क जातो, आणि नेमका तोच तुला पाहिजे.

बाकीच्या गाडीचाही हिशेब धर. बिग ब्लॉक शंभर पौंडांहून जास्त जड आहे, पुढच्या स्प्रिंगा बिग ब्लॉकच्या घे. रेडिएटर मोठा लागेल, ह्यूस्टनच्या ऑगस्टमध्ये आणि मिरवणुकीच्या चालीने तर नक्कीच. टीएच३५० काही दिवस चालेल पण ओझं ओढायला टीएच४०० घे, ती लांब आहे आणि मागचे स्प्लाइन वेगळे, त्यामुळे ड्राइव्हशाफ्ट कापावा लागेल, क्रॉसमेंबर मागे सरकेल. मोटरहोमच्या ब्रॅकेटी आणि ऑइल पॅन तुझ्या फ्रेमवर बसतात का ते इंजिन रंगवायच्या आधी बघ. ७३ पासून या बॉडीत कंपनीच ४५४ द्यायची, त्यामुळे पिकपचे पार्ट शोधलेस तर मिळतील.

मिशिगनचे_काका:
पोर्टबद्दल पूर्ण सहमत. एकच राहिलं, पहिलं स्टार्ट. फ्लॅट टॅपेट कॅम (ज्याचे लिफ्टर सपाट बुडाचे, रोलर नसलेले) घेतलास तर लिफ्टर नवेच हवेत, आणि पहिली २०-३० मिनिटं आयडलवर ठेवायचंच नाही, २००० ते २५०० मध्ये खालीवर करत राहायचं. या कॅमला तेल मुख्यतः क्रँकच्या उडण्यातून मिळतं, आयडलला ते पुरेसं उडत नाही आणि लोब (कॅमवरचा उंचवटा) घासून सपाट होतो. तेल ब्रेक-इनचं, जस्त असलेलं. हल्लीच्या साध्या तेलात ते कमी केलंय.

आणि स्टार्ट करण्याआधी डिस्ट्रिब्युटर काढून त्या भोकातून ड्रिलने ऑइल पंप फिरव, ड्रिल घड्याळाच्या दिशेने. आठही सिलिंडरच्या रॉकरवर तेल आलेलं डोळ्यांनी बघ. मध्ये क्रँक हाताने थोडी फिरवत राहा, नाहीतर काही रॉकरपर्यंत तेल पोचत नाही. घाई करू नकोस, यात अर्धा तास गेला तरी जाऊ दे.

ह्यूस्टनकर_सी१०:
शनिवारी ब्लॉक मशीन शॉपला टाकला. टॉर्क प्लेटचं विचारलं तर तो माणूस मला आत घेऊन गेला आणि बिग ब्लॉकची प्लेटच काढून दाखवली. क्रँक, बॅलन्सर, फ्लेक्सप्लेट तिन्ही एकत्र बॅलन्सला दिलेत. हेड तीच ठेवतोय. प्रायमिंगचा, म्हणजे ड्रिलने ऑइल पंप फिरवायचा रॉड कुणाकडे आहे का, ज्याला खाली लिफ्टरची तेलवाट बंद करणारी कॉलर असते तो? भाडं म्हणून गणपतीनंतर मोदकांचा डबा पाठवीन.

मिशिगनचे_काका:
माझ्याकडे आहे. पत्ता मेसेज कर, सोमवारी टपालात टाकतो. परत पाठवायची घाई नाही, मोदक तळलेले पाठव म्हणजे टिकतील.