नवजात बाळासाठी स्वस्त तापमान-पट्टा : सेन्सर कुठे बसवावा?

सर्किटवाला_अमरावती
मेळघाटात, धारणी-चिखलदरा भागात, २५०० ग्रॅमच्या आतल्या बाळांना घालायचा पट्टा बनवतोय. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. मधल्या रात्री बाळ गार पडलं तर आईला कळावं, एवढाच हेतू. सध्याचा आराखडा : मनगटावर सिलिकॉनचा पट्टा, १० किलोओहमचा एनटीसी थर्मिस्टर (तापला की रोध कमी होणारा सेन्सर), सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल, ब्लूटूथवरून फोनला सूचना. कोमट पाण्यात आकडे बरोबर येतात, पण आमच्याच मनगटावर बांधला की काखेतल्या थर्मामीटरपेक्षा बरेच कमी. पल्स ऑक्सिमीटरही (रक्तातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर) जोडा असं काही जण सुचवतात. खर्च ५०० रुपयांत बसवायचा आहे.

नवजात_कक्ष
तुमचा सेन्सर बरोबर आहे, जागा चुकली आहे. बाळ गारठू लागलं की शरीर आधी हातापायांचा रक्तपुरवठा आवळतं. म्हणून पोट गरम आणि तळपाय गार असतील तर ती सुरुवात, दोन्ही गार असतील तर बाळ खरंच थंड पडलंय. मनगटाचा आकडा काखेचा म्हणून वाचता येत नाही.

काखेतलं ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस सामान्य. ३६.० ते ३६.४ म्हणजे थंडीचा ताण, ३२ ते ३५.९ मध्यम, ३२च्या खाली तीव्र.

रुग्णालयात वॉर्मरखाली (बाळाला ऊब देणारं यंत्र) सेन्सर पोटावर उजवीकडे, यकृतावर लावतात. घरी ते चालणार नाही, कारण कांगारू पद्धतीत, म्हणजे कातडीला कातडी लावून ऊब देताना, बाळ आईच्या छातीवर पालथं असतं आणि सेन्सर आईचंच तापमान दाखवतो. पट्टा छातीभोवती आवळायचाही नाही, नवजात बाळ पोटाने श्वास घेतं. त्यापेक्षा समोर बंधांनी बांधायच्या झबल्याला आतून, काखेच्या जरा खाली कुशीवर कप्पा शिवा. चिकटपट्टी टाळा. कमी दिवसांच्या बाळाची कातडी तिच्यासोबत सोलून येते, आणि तेल लावलेल्या अंगावर ती टिकतही नाही.

थर्मिस्टर_आणि_तांबं
कुशीवर आल्यावर सेन्सरच्या बाहेरच्या बाजूला ३-४ मिमी बंद छिद्रांचा फोम लावा, त्वचेच्या बाजूला पातळ स्टेनलेस चकती. फोम नसेल तर आकड्यात खोलीतली हवाही मिसळते.

बी (तापमानाप्रमाणे रोध किती बदलतो ते सांगणारा आकडा) ३९५० असलेला १० किलोओहमचा थर्मिस्टर ३६.५ अंशांना साधारण ६.१ किलोओहम दाखवतो आणि दर अंशाला ४.१ टक्के बदलतो. म्हणजे १ टक्का टॉलरन्स (नगानगातला फरक) म्हणजे पाव अंशाची चूक. तुमच्या कामाला ती फार झाली. दर नगाचं कॅलिब्रेशन करा, म्हणजे आकडे खऱ्या तापमानाशी जुळवा : चांगल्या थर्मासमधलं पाणी सतत ढवळत ३८, ३६ आणि ३४ अंशांवर, प्रमाणित थर्मामीटर सेन्सरला खेटून, प्रत्येक बिंदूवर आकडा स्थिर होईपर्यंत थांबून. डिव्हायडरमध्ये (थर्मिस्टर आणि ठरावीक रेझिस्टर यांत व्होल्टेज वाटणारी जोडणी) ६.२ किलोओहम, ०.१ टक्क्याचा रेझिस्टर घाला. १० बिटांच्या एडीसीवर (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) एक पायरी ०.१ अंशाची पडते, म्हणून १२ बिटांचा घ्या.

हमखास होणारी चूक : डिव्हायडर कायम ३ व्होल्टला जोडलेला. थर्मिस्टरमध्ये ०.३५ मिलिवॉटच्या आसपास उष्णता होते आणि छोटा मणी त्यानेच दोन-तीन दशांश अंश तापतो. गार बाळ ठीक दिसतं. डिव्हायडरला मायक्रोकंट्रोलरच्या पिनवरून, वाचनापुरते काही मिलिसेकंदच वीज द्या. मिनिटाला एक वाचन, पाच वाचनांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला आकडा), आणि तो दहा मिनिटं उंबरठ्याखाली, म्हणजे गजराच्या ठरवलेल्या आकड्याखाली, राहिला तरच गजर. उंबरठा मात्र काखेच्या आकड्यांवरून उचलू नका. रुग्णालयात दोन्ही मोजमापं शेजारी ठेवून ठरवा.

ब्लूटूथ काढलात तर सरासरी प्रवाह काही मायक्रोअँपिअरच राहतो. ४२ दिवसांना सीआर२०३२ची सुमारे २२० मिलिअँपिअर-तास क्षमता भरपूर. गजराचा बझर वाजताना व्होल्टेज कोसळून चिप रीसेट होते, म्हणून सेलला समांतर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला. सेलचं झाकण उघडणारं नको, डबी कायमची सील करा. घरातल्या मोठ्या भावंडाने हा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आत गंभीर जखम होते.

गाव_आरोग्य
ब्लूटूथ काढाच. फोन घरधनी घेऊन कामाला जातो. दोन दिवे आणि आवाज पुरे. मजकूर नको, अनेक घरांत कोरकू बोलतात. बझरचं तोंड बाहेर, कानापासून लांब. गोधडीखाली तो किती ऐकू येतो ते आधी तपासा.

शेक-शेगडीजवळ बाळ ठेवलं की पट्टा तापतो. म्हणून बाळ फार तापलं तरही वेगळा इशारा हवा. आणि गजरानंतर काय करायचं ते आशाताईने आधीच करून दाखवलेलं असावं : ओलं लंगोट बदला, टोपी घाला, बाळाला उघडं करून आईच्या छातीशी घ्या, वरून गोधडी, अंगावर पाजा. तासाभरात काखेत पुन्हा मोजा. तरीही गारच असेल तर १०८ किंवा १०२. पट्टा गप्प असला तरी बाळ दूध ओढत नसेल, छाती आत खेचत असेल किंवा श्वास मिनिटाला ६० वा जास्त असेल तर लगेच न्यायचं, हे तितक्याच ठासून सांगा. जंतुसंसर्गात तापमान सामान्यही असू शकतं.

सर्किटवाला_अमरावती
झबल्याचा कप्पा पटला. मग ऑक्सिमीटर?

नवजात_कक्ष
नको. बाळ पाय हलवतं, सिग्नल तुटतो. नवजात बाळ मधूनच पाच-दहा सेकंद श्वास थांबवतं, तेही सामान्य असतं. रात्री चार खोटे गजर झाले की पाचव्याला आई पट्टा काढून ठेवेल. बाळांवर चाचणीआधी नैतिकता समितीची मंजुरी घ्या. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ यालाही लागू होतात.