मदत हवी आहे: गेमबॉय अॅडव्हान्सवर आवाज सुधारला की अॅनिमेशन अडखळतं

नमस्कार मंडळी,

गेमबॉय अॅडव्हान्स या निन्टेन्डोच्या जुन्या हँडहेल्डसाठी हौसेखातर सी भाषेत एक छोटा प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायचा गेम) लिहितोय. गाडी आवाजापाशी अडलीये.

या यंत्रात आवाजाचे नमुने (सॅम्पल्स) वाजवायला ८ बिटांचे दोनच चॅनेल आहेत, त्यामुळे संगीत आणि इफेक्ट्स १६.७८ मेगाहर्ट्झच्या सीपीयूलाच मिसळावे लागतात. फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्राला, सीपीयूच्या सायकल्स (घड्याळाचे ठोके) मिळतात २,८०,८९६. मिक्सिंग १८,१५७ हर्ट्झवर, म्हणजे फ्रेममागे ३०४ नमुने, ठेवलं तर कानाला मस्त वाटतं. पण हिरो उडी मारून नाणं उचलतो, त्याच वेळी दोन शत्रू फिरत असतात, आणि नेमकी तिथेच फ्रेम चुकते. मागचा डोंगर चक्क हिसका देतो. १०,५१२ वर आणलं की सगळं लोण्यासारखं सरकतं, पण झांजा वाजल्या की तव्यावर पाणी पडल्यासारखा चर्र आवाज! एम्युलेटरवर ते फारसं जाणवत नाही, खऱ्या यंत्रावर हेडफोन लावले की कान किटतात.

मिक्सर, म्हणजे आवाज मिसळणारा कोड, सध्या थम्ब कोड (१६ बिटांच्या आखूड सूचना) म्हणून थेट कार्ट्रिजच्या रॉममधून चालतो. तो एआरएम कोड (३२ बिटांच्या सूचना) करून आतल्या ३२ केबी वेगवान रॅममध्ये हलवावा असं वाटतंय, पण तिथे आधीच टक्कर तपासणारा कोड ठाण मांडून बसलाय. दोघांपैकी कुणाला बाहेर काढाल? की झांजा जुन्या गेमबॉयपासून चालत आलेल्या नॉइज चॅनेलवर (जो नुसता खरखरीचा आवाज काढतो) ढकलून बाकीचं १३,३७९ हर्ट्झवर मिसळू? हे कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर बफरचा (मिसळलेला आवाज वाजेपर्यंत ठेवायच्या जागेचा) आकार किती ठेवला तेही सांगा. 'दणकट हँडहेल्ड घे' हा सल्ला मात्र नको, मजाच जाईल.