स्वॅप टाकण्याआधी आकडा बघा

बिग-एंडियन प्रोसेसरवर (जिथे संख्येचा सर्वात वरचा बाइट मेमरीत आधी येतो) प्रोग्रामची टेस्ट फेल होत असेल तर सरळ सगळीकडे बाइट-स्वॅप टाका, म्हणजे बाइटचा क्रम उलटवा, असा एक सल्ला दिला जातो. फाइल किंवा नेटवर्कवरून येणाऱ्या डेटापुरतं ठीक. तिथेही मी स्वॅपपेक्षा एकेक बाइट उचलून शिफ्टने जोडणं पसंत करेन. मग कोड कुठल्या प्रोसेसरवर चालतोय हे विचारावंच लागत नाही, आणि हल्लीचे जीसीसी, क्लँग हे सी कंपायलर बहुतेक वेळा त्याची एकच लोड इन्स्ट्रक्शन करून टाकतात. (शिफ्टच्या आधी ३२ बिट अनसाइन्डमध्ये कास्ट करा, नाहीतर २४ ने सरकवताना साइन बिट घोळ घालतो.)

पण एस३९०एक्सवर (आयबीएम मेनफ्रेमचं बिग-एंडियन आर्किटेक्चर) फेल होणाऱ्या बऱ्याच टेस्टचं मूळ बाइट उलटे होण्यात नसतंच. चुकीचा आकडा काय आलाय ते आधी नीट बघा. १ च्या जागी १६७७७२१६ दिसला तर ३२ बिटचे बाइट खरोखर उलटलेत. ४२९४९६७२९६ दिसला तर मात्र कुणीतरी शून्याने भरलेल्या ६४ बिट व्हेरिएबलचा पत्ता इंट (३२ बिट) पॉइंटर म्हणून दिलाय आणि त्यातून १ लिहिला गेलाय. लिटल-एंडियनवर (जिथे खालचा बाइट आधी येतो) ते चार बाइट खालच्या अर्ध्यात पडतात आणि सगळं सुरळीत भासतं, बिग-एंडियनवर ते वरच्या अर्ध्यात जातात. उलट दिशेने, म्हणजे ६४ बिटची किंमत इंट म्हणून वाचली, तर १ ऐवजी ० मिळतो. अशा ठिकाणी स्वॅप टाकलात तर एक बग झाकून दुसरा तयार होईल. टाइपच दुरुस्त करायला हवा. आणि हे पकडायला ते मशीन हाताशी असायची गरज नाही, क्यूएमयू या एम्युलेटरचं यूजर-मोड एम्युलेशन (दुसऱ्या प्रोसेसरसाठीचा एखादा प्रोग्राम आपल्या मशीनवर चालवणं) पुरतं. हळू चालतं, एवढंच.